‘असतं’ आणि ‘असेल’ नीट ऐकलं की वुड, कुड, माइट सुटायला लागतात

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: इंग्रजीतल्या जर-तरच्या वाक्यांचे फर्स्ट (विलवालं), सेकंड (वुडवालं), थर्ड (वुड हॅववालं) कंडिशनल हे तिन्ही प्रकार पाठ आहेत, तक्ता झोपेतसुद्धा म्हणून दाखवता येतो, तरी प्रत्यक्ष लिहायला बसलं की वुड लिहायचं का वुड हॅव, कुड हॅव आणि माइट हॅव एकच का वेगळे, इथे गाडी अडते. सोबत दोन वाक्यं दिलीत, ‘मी तुझ्या जागी असतो तर ही नोकरी सोडली नसती’ आणि ‘लवकर निघालो असतो तर ट्रेन चुकली नसती’, ही इंग्रजीत कशी करायची.

मी बरीच वर्षं मोठ्या माणसांना इंग्रजी लिहायला शिकवतेय, मराठीतून केलेली भाषांतरं तपासतेय, आणि जर-तरच्या वाक्यातल्या चुका इतक्या ठराविक असतात की त्यांचं मूळ व्याकरणाच्या तक्त्यात नसून आपल्या मराठीत आहे हे मला फार उशिरा कळलं. म्हणून उत्तर मराठीकडूनच सुरू करते.

पहिलं वाक्य घ्या. ‘मी तुझ्या जागी असतो तर ही नोकरी सोडली नसती.’ हे कधी बोललंय? समोरच्याने राजीनामा टाइप करून ठेवलाय, अजून पाठवलेला नाही, मित्र त्याला थांबवतोय, तेव्हा आपण हेच बोलतो. आणि राजीनामा देऊन सहा महिने झालेत, तो पस्तावलाय, तेव्हाही शब्दाला शब्द हेच बोलतो. मराठीत एकच रूप दोन्हीकडे चालतं, कधीची गोष्ट आहे ते प्रसंगावरून कळतं, आपल्याला कधी अडलेलंच नाही. इंग्रजीत मात्र इथे थांबून ठरवावं लागतं. अजून सोडलेली नसेल तर ‘इफ आय वेअर यू, आय वुडन्ट क्विट’. सोडून झाली असेल तर ‘इफ आय वेअर यू, आय वुडन्ट हॅव क्विट’. मधल्या एका हॅवने अख्खा काळ बदलतो.

याचा एक प्रसंग माझ्या डोळ्यासमोर आहे. माझ्या एका विद्यार्थिनीने सहकारी मैत्रिणीला मेल केली, मैत्रिणीला दुसऱ्या विभागातली मोठी जागा देऊ केली होती आणि उत्तर द्यायला अजून दोन दिवस होते. हिला म्हणायचं होतं ‘मी असते तर घेतली असती’, म्हणजे घेऊन टाक. हिने लिहिलं ‘इफ आय वेअर यू, आय वुड हॅव टेकन इट’. मैत्रीण मराठी नव्हती, तिने वाचलं की संधी हातची गेली आणि ही हळहळतेय. तिने घाबरून फोन केला, ती जागा दुसऱ्या कुणाला दिली का, तुला काही कळलंय का. व्याकरणाच्या दृष्टीने वाक्यात एकही चूक नव्हती हे लक्षात घ्या, म्हणूनच तर ते कुणी लाल पेनाने सुधारलं नसतं. ‘वुड टेक इट’ एवढंच हवं होतं.

असं का होतं तर ‘घेतली असती’ हे दिसायला दोन तुकडे आहेत, घेतली आणि असती, आणि शाळेपासून ‘घेतली आहे’ म्हणजे ‘हॅव टेकन’ हे इतकं घोटलेलं असतं की ‘घेतली’ दिसलं की हात आपोआप ‘हॅव टेकन’कडे जातो. पण ‘घेतली असती’ मधल्या ‘असती’चं काम इंग्रजीत वुड करतो. हॅवचं काम वेगळं, तो फक्त सांगतो की ही गोष्ट मागे पडलेल्या वेळेची आहे. म्हणजे ‘असतं’ ऐकू आलं की वुड नक्की, आणि मग स्वतःला विचारायचं, वेळ अजून आहे की गेली? गेली असेल तर हॅव. माझ्या अनुभवात एवढ्या एका प्रश्नाने निम्म्याहून जास्त चुका थांबतात, कारण आपल्याकडून हॅव कमी पडत नाही, जास्तच पडतो.

आता उलट बाजू, जिथे मराठी इंग्रजीपेक्षा स्वच्छ आहे, आणि हे कुणी वापरायला शिकवत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं. ही दोन वाक्यं मोठ्याने म्हणा.

‘तो तिथे होता तर त्याने पाहिलं असेल.’

‘तो तिथे असता तर त्याने पाहिलं असतं.’

पहिल्यात तो तिथे होता की नव्हता हे बोलणाऱ्याला माहीत नाही, किंवा कुणीतरी आत्ताच सांगितलंय आणि तो ते धरून चाललाय. दुसऱ्यात तो नव्हताच, हे सगळ्यांना माहीत आहे. होता आणि असता, असेल आणि असतं, एवढासाच फरक, पण मराठी माणूस यात सहसा चुकत नाही. इंग्रजी व्याकरणात पहिल्याला ओपन म्हणतात, दुसऱ्याला रिमोट. मी उघडी अट आणि दूरची अट म्हणते. इंग्रजीत पहिलं होईल ‘इफ ही वॉज देअर, ही मे हॅव सीन इट’ आणि दुसरं ‘इफ ही हॅड बीन देअर, ही वुड हॅव सीन इट’. तीन टाइपच्या तक्त्यात पहिल्या वाक्याला जागाच नाही बरं का, तो तक्ता शिकवायच्या सोयीसाठी केलेला आहे, भाषा त्यात मावत नाही, आणि म्हणून तक्ता पाठ असलेला माणूस असं वाक्य समोर आलं की गोंधळतो, भूतकाळ दिसतोय म्हणजे सेकंड असेल म्हणतो आणि वुड ठोकून देतो.

या उघड्या अटीत मोडलचं, म्हणजे वुड, कुड, मे, माइट, मस्ट अशा मदतनीस क्रियापदांचं काम बहुतेक वेळा खात्री सांगणं. ‘त्याने पाहिलंच असणार’ म्हणजे मस्ट हॅव सीन. ‘पाहिलं असेल’ म्हणजे मे हॅव किंवा माइट हॅव, इथे दोन्ही चालतात, माइटमध्ये खात्री किंचित कमी असं म्हणतात पण बोलण्यात तो फरक फारसा उरलेला नाही. ‘तो तिथे होता तर त्याने अडवायला हवं होतं’ म्हणजे शुड हॅव स्टॉप्ड इट, इथे खात्रीचा प्रश्नच नाही, दोष देणं आहे. वुड यातल्या कशातच आला नाही, कारण ‘असतं’ कुठेच आलेलं नाही.

तेव्हा सवय अशी लावायची की आधी मराठी वाक्याचा शेवट ऐकायचा, जर-चा भाग नंतर. असं का सांगते? कारण जर-चा भाग मराठीत फसवतो. ‘उद्या तो आला तर मी सांगेन’ यात ‘आला’ हे भूतकाळाचं रूप आहे पण गोष्ट उद्याची आहे. यावरूनच ती नेहमीची चूक येते, ‘इफ ही केम टुमॉरो, आय विल टेल हिम’. शेवटी ‘सांगेन’ आहे ना, म्हणजे विल, म्हणजे अट उघडी, म्हणजे इफच्या भागात साधा वर्तमानकाळ, ‘इफ ही कम्स’. केम लिहायचं असेल तर मग पुढे वुड, ‘इफ ही केम टुमॉरो, आय वुड टेल हिम’, आणि त्याचा सूर असा की तो येईल असं मला काही वाटत नाही पण समजा आलाच. केम आणि विल एका वाक्यात आले की वाचणाऱ्याला कळत नाही हा माणूस येणं शक्य धरतोय की अशक्य.

दुसरी फसवणूक ‘शकतो’ची. ‘ढग आले तर उद्या पाऊस पडू शकतो.’ शकतो म्हणजे कॅन, झालं, ‘इट कॅन रेन टुमॉरो’. हे चूक आहे, आणि खूप शिकलेली माणसंसुद्धा करतात. कॅन हा कुवतीचा, परवानगीचा किंवा ‘असं एरवी होत असतं’ असं सांगणारा शब्द. एका ठरलेल्या वेळी एखादी गोष्ट होईल न होईल, यासाठी मे, माइट किंवा कुड. म्हणजे ‘इट माइट रेन टुमॉरो’, ‘इट कुड रेन टुमॉरो’ बरोबर. ‘इफ यू आर टायर्ड, यू कॅन मेक मिस्टेक्स’ चालेल कारण ती सर्वसाधारण गोष्ट आहे, ‘इफ यू फिनिश, यू कॅन गो’ चालेल कारण ती परवानगी आहे. मराठीतला ‘शकतो’ हे सगळं एकटा उचलतो, त्यामुळे त्याचं इंग्रजी करताना दर वेळी विचारावं लागतं की हे जमणं आहे, मुभा आहे की नुसती शक्यता.

आता कुड हॅव आणि माइट हॅव. इथे जरा सावकाश.

प्रमाण इंग्रजीत दोन मोडल शेजारी बसत नाहीत. ‘वुड कॅन’ असं म्हणता येत नाही, ‘वुड मे’ही नाही. मग दूरच्या अटीत ‘जमलं असतं’ कसं म्हणायचं? तर कॅनचं जुनं भूतकाळी रूप कुड आणि मेचं जुनं भूतकाळी रूप माइट, ही दोन रूपं वुडला पोटात घेऊन बसलीत. कुड म्हणजे वुड बी एबल टू. माइट म्हणजे वुड परहॅप्स. हे दोन समास असे फोडून दाखवले की पुष्कळांचा चेहरा खुलतो, कारण तोपर्यंत त्यांना वाटत असतं की वुड, कुड, माइट हे शंभर टक्के, सत्तर टक्के, तीस टक्के असे एकाच पट्टीवरचे आकडे आहेत. तसं नाही. ‘इफ आय हॅड द की, आय कुड ओपन इट’ यात कुड कमी खात्रीचा नाही, किल्ली असती तर नक्की उघडता आलं असतं, मी उघडलं असतंच असं मात्र नाही. आणि ‘आय माइट ओपन इट’ म्हणजे किल्ली असती तर कदाचित उघडलं असतं, कदाचित नसतंही.

एवढं सोपं असतं तर बरं झालं असतं, पण कुड पुढे शक्यतेसाठीही वापरला जातो. ‘इफ द डॉक्टर हॅड कम अर्लियर, ही कुड हॅव लिव्ह्ड’ म्हणजे कदाचित वाचला असता. इथे कुड हॅव आणि माइट हॅव जवळजवळ एकच. म्हणजे काम करणारा माणूस असेल आणि क्रिया त्याच्या हातातली असेल, उघडणं, लिहिणं, थांबवणं, तर कुड हॅव आधी ‘त्याला जमलं असतं’ असं वाचलं जातं. हातातली नसेल, पाऊस पडणं, जगणं, हरवणं, तर ‘कदाचित झालं असतं’. ‘यू कुड हॅव टोल्ड मी’ यात तर सरळ तक्रार ऐकू येते, सांगता आलं असतं की तुला, आणि ‘यू माइट हॅव टोल्ड मी’ यातही तीच तक्रार येते, फक्त जरा ठेवणीतल्या भाषेत. पण ते इफशिवायचं आहे, आत्ता सोडून देऊ.

फरक खरा उघड होतो तो नकारात, आणि इथे चूक महागात जाते. ‘माइट नॉट हॅव’ म्हणजे कदाचित झालं नसतं. ‘कुड नॉट हॅव’ म्हणजे होणं शक्यच नव्हतं. होकारात जे शेजारी होते ते नकारात दोन टोकांना गेले. एका भाषांतरात मी ‘वेळेवर बंद केलं असतं तर आग कदाचित पसरली नसती’ याचं ‘द फायर कुड नॉट हॅव स्प्रेड’ असं पाहिलं. तो अपघाताचा अहवाल होता. मूळ लिहिणारा म्हणतोय कदाचित, इंग्रजी म्हणतंय आग पसरणं अशक्यच होतं, म्हणजे बंद न करणाऱ्या माणसावर शंभर टक्के जबाबदारी आली. ‘माइट नॉट हॅव स्प्रेड’ हवं होतं. अहवाल, तक्रारी, वैद्यकीय कागद यात नकारी मोडल आला की माझा हात अजूनही थांबतो, दोनदा वाचल्याशिवाय मी पुढे जात नाही, आणि तुम्हीही जाऊ नका असं आग्रहाने सांगेन.

मे हॅव आणि माइट हॅवचं पण एक आहे. ‘ही माइट हॅव ड्राउन्ड’ म्हणजे कदाचित बुडाला असता, किंवा बुडाला असेल, दोन्ही अर्थ होतात. ‘ही मे हॅव ड्राउन्ड’ म्हणजे बुडाला असेल, अजून कळलेलं नाही. आजकाल इंग्रज-अमेरिकनसुद्धा पहिल्या अर्थासाठी मे हॅव लिहितात, बातम्यांत सर्रास दिसतं, पण ज्या घरचे लोक वाट बघताहेत त्यांनी ते वाचलं तर काय होईल याचा विचार करा. ‘कदाचित असता’ म्हणायचं असेल तिथे माइट हॅव, ‘असेल’ असेल तिथे मे हॅव, एवढं पाळलंत तर तुमचं वाक्य कुणीही उलटं वाचणार नाही.

मस्टला जोडीदार नाही. विलला वुड, कॅनला कुड, मेला माइट, शॅलला शुड, पण मस्ट एकटाच, कारण तो मुळात स्वतःच एका जुन्या क्रियापदाचं भूतकाळी रूप आहे, त्याचं वर्तमान रूप भाषेतून गेलं आणि हा उरला. म्हणून दूरच्या अटीत मस्ट जात नाही, ‘जावं लागलं असतं’ला ‘वुड हॅव हॅड टू गो’. दिसायला ओबडधोबड, हॅव हॅड बघून लोक घाबरतात आणि ‘मस्ट हॅव गॉन’ लिहितात, पण त्याचा अर्थ ‘गेलाच असणार’. पूर्ण वेगळी गोष्ट. आणि या जोड्यांवरून सहज आठवलं, कुडच्या स्पेलिंगमधला एल हा त्याचा स्वतःचा नाही, वुड आणि शुडमध्ये एल होता कारण विल आणि शॅलमध्ये तो आहे, त्यांचं बघून कुडला तो नंतर चिकटवला गेला, कॅनमध्ये एल कुठे आहे?

इफच्या भागात विल येत नाही हा नियम सगळ्यांना माहीत असतो. आपल्याकडे ‘तू येशील तर मी येईन’ चालतं म्हणून ‘इफ यू विल कम’ असं होतं, आणि साध्या भविष्यासाठी ते चूकच. पण विल म्हणजे मुळात इच्छा, तयारी, आणि त्या अर्थाने तो इफमध्ये येतो. ‘इफ यू विल वेट अ मिनिट’, म्हणजे जरा थांबायची तयारी असेल तर. ‘इफ इट विल हेल्प, आय विल स्टे’ पण बरोबर, कारण इथे मदत होणं हे थांबण्याच्या नंतरचं आहे, थांबण्याची आधीची अट नाही. वुडचंही तसंच, ‘आय वुड बी ग्रेटफुल इफ यू वुड रिप्लाय’ यातला दुसरा वुड विनंतीचा आहे, तो खोडू नका. मात्र ‘इफ आय वुड हॅव नोन’ हे टाळा. अमेरिकन बोलण्यात ऐकू येतं, लिहिण्यात अजून कच्चं समजलं जातं, ‘इफ आय हॅड नोन’च लिहा.

शुड इफमध्ये आला तर त्याचा कर्तव्याशी संबंध नसतो. ‘इफ यू शुड नीड हेल्प’ म्हणजे लागलीच मदत तर. आपल्या ‘लागलीच’मधला तो च म्हणजे हा शुड, इतकी चपखल जोडी दुसरी नाही. औपचारिक पत्रात इफ काढून शुड पुढे येतो, ‘शुड यू नीड हेल्प’, तसंच ‘वेअर आय टू रिफ्यूज’, ‘हॅड आय नोन’. नकार करताना ‘हॅड आय नॉट नोन’ असं सुटं लिहायचं, ‘हॅडन्ट आय नोन’ केलं की ते प्रश्नासारखं वाचलं जातं.

ऐकताना एक अडचण येते ती डीची. ‘इफ आयड नोन, आयड हॅव कम’ यात पहिला डी हॅडचा, दुसरा वुडचा, कानाला दोन्ही सारखेच. डीच्या पुढे काय येतंय ते ऐकायचं, नोन, सीन, गॉन असं तिसरं रूप आलं तर हॅड, मूळ रूप किंवा हॅव आलं तर वुड. आणि भरभर बोलताना वुड हॅव हे ‘वुडव्ह’ होतं, ते इतकं ‘वुड ऑफ’सारखं ऐकू येतं की ज्यांची मातृभाषाच इंग्रजी आहे तेसुद्धा तसं लिहून बसतात. तुम्ही कानाने इंग्रजी शिकला नाहीत, डोळ्याने शिकलात, त्यामुळे ही चूक तुमच्याकडून होणार नाही.

आता तुमचं दुसरं वाक्य, ‘लवकर निघालो असतो तर ट्रेन चुकली नसती.’ शेवटी ‘नसती’, म्हणजे दूरची अट, म्हणजे वुड. वेळ गेली का? ट्रेन गेलीय, म्हणजे हॅव. ‘इफ आय हॅड लेफ्ट अर्लियर, आय वुडन्ट हॅव मिस्ड द ट्रेन.’ तुम्हाला म्हणायचं असेल की पाच मिनिटांनीच चुकली पण रस्त्यात गर्दीही होती, सांगता येत नाही, तर ‘आय माइट नॉट हॅव मिस्ड इट’. लवकर निघालो असतो तर चुकणं शक्यच नव्हतं, स्टेशन समोरच आहे, असं म्हणायचं असेल तर ‘आय कुडन्ट हॅव मिस्ड इट’. आणि समजा निघायला उशीर झालाय पण ट्रेन अजून सुटायची आहे, तुम्ही रस्त्यात घड्याळ बघत धावताय, तेव्हा मागचा भाग झाला-गेला आणि पुढचा चालू, ‘इफ आय हॅड लेफ्ट अर्लियर, आय वुडन्ट बी रनिंग नाऊ’. इथे थर्डचा अर्धा आणि सेकंडचा अर्धा एकत्र आलाय, तक्त्यात बघाल तर चूक वाटेल, मराठीत म्हणून बघा, ‘लवकर निघालो असतो तर आत्ता असं धावावं लागलं नसतं’, ‘आत्ता’ शब्दानेच हॅव गळून पडला.